मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड – एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे महिने

घरातल्या चार माणसांनी, वेगवेगळ्या ठिकाणी बसून, एकत्र खेळावा असा गेम कोणता, असं विचारलंत तर माझं उत्तर ठरलेलं आहे: मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड. हा गेम नवा नाही. २०१८च्या जानेवारीत तो प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पीसीवर. मी तो गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, सेल चालू असताना, आणि अजून खेळते आहे. इतके महिने खेळल्यावर आता लिहायला हरकत नाही असं वाटलं.

आमची चौकडी अशी: मी वेंगुर्ल्यात, दादा आणि वहिनी पुण्यात, आणि मावसभाऊ बाबू मालवणात. बाबू मच्छीमारी बोटीवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ते दोन महिने त्याच्याकडे वेळच वेळ. सुरुवात त्यानेच करून दिली. वहिनीने त्याआधी फोनवरच्या पत्त्यांपलीकडे कुठलाच गेम खेळलेला नव्हता, आणि या सगळ्या लेखात तीच महत्त्वाची आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही शिकारी. अस्तेरा नावाच्या तळावरून मोहिमेवर निघायचं, जंगलात किंवा वाळवंटात एखादा अजस्र प्राणी शोधायचा, त्याला मारायचं किंवा जिवंत पकडायचं. त्याची हाडं, खवले, शिंगं घेऊन परत यायचं आणि त्यातून नवं चिलखत, नवं हत्यार बनवून घ्यायचं. एका मोहिमेला जास्तीत जास्त चार जण आणि बहुतेक वेळा पन्नास मिनिटांची मुदत. इतर रोलप्लेइंग गेममध्ये लेव्हल वाढली की आपलं पात्र आपोआप दणकट होतं. इथे तसं होत नाही. हंटर रँक वाढतो, पण त्याने तुमची ताकद तसूभरही वाढत नाही, फक्त पुढच्या मोहिमा उघडतात. ताकद येते चिलखतातून आणि हत्यारातून, आणि त्याहून जास्त तुमच्या हातातून. मॉन्स्टरच्या डोक्यावर उरलेल्या आयुष्याची पट्टी नसते. तो लंगडायला लागला की समजायचं. म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यांपेक्षा समोरच्या जनावराकडेच बघत राहावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. या गेममध्ये एक नियम आहे आणि माझ्या मते सगळी जादू त्यातच आहे. मार खाऊन कोणी कोसळलं की मांजरं येतात, त्याला हातगाडीवर घालून तळावर नेऊन टाकतात. खेळणारे त्याला ‘कार्ट होणं’ म्हणतात. असं तीनदा झालं की मोहीम फसली. पण हे तीन प्रत्येकाचे तीन नव्हेत, चौघांत मिळून तीन. एकच माणूस तीनदा पडला तरी सगळे रिकाम्या हाताने परत.

पहिल्यांदा ऐकताना हा नियम जाचक वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे खेळण्याची रीतच बदलते. चौघांत जो सगळ्यात कच्चा, तो सगळ्यांची काळजी होतो. त्याला मागे टाकून पुढे पळून काही उपयोग नाही. त्याच्यावर चिडूनही नाही, कारण चिडलेला माणूस आणखी लवकर पडतो. मग आपोआप कोणीतरी त्याच्या आणि मॉन्स्टरच्या मधे उभं राहायला लागतं. निघण्याआधी त्याच्या पिशवीत औषध आहे का ते विचारलं जातं. त्याने आज कुठलं चिलखत घातलंय, समोरचा प्राणी आग ओकणारा आहे की विजेचा, हे दुसरंच कोणी बघून ठेवतं. हे आम्ही कोणी ठरवलेलं नव्हतं.

एक शिकार सांगते, म्हणजे कळेल. डायाब्लोस नावाचा प्राणी आहे. डोक्यावर दोन दणदणीत शिंगं, शेपटीला हाडाचा गोळा, वाइल्डस्पायर वेस्ट या रखरखीत भागात राहतो. खातो निवडुंग, पण हद्दीत कोणी आलं की चवताळतो. जमिनीत शिरतो आणि पायाखालून वर येतो. त्याने डरकाळी फोडली की शिकारी कानांवर हात ठेवून जागच्या जागी खिळतो, आणि तेवढ्यात तो शिंगं रोखून धावत येतो. त्या रात्री आमचे दोन कार्ट झालेले, दोन्ही वहिनीचे. तिसरा परवडणारा नव्हता. वहिनीचा आवाज बारीक झालेला. ती म्हणाली, “मी तळावरच थांबते, तुम्ही तिघं संपवा.” बाबू म्हणाला, “वयनी, तुम्ही येवा. मी पुढे रवतंय. तुम्ही फक्त वाजवत रवा.”

‘वाजवत’ म्हणजे काय ते सांगायला हवं. वहिनीचं हत्यार हंटिंग हॉर्न. दिसायला अवाढव्य वाद्य, मारायला सोट्यासारखं. प्रत्येक घावासरशी एक सूर जमा होतो, ठरावीक सूर ओळीने जमले की धून वाजवता येते, आणि त्या धुनेचा फायदा चौघांनाही मिळतो. कुठल्या हॉर्नने सगळ्यांच्या घावांची ताकद वाढते, कुठल्याने रक्षण, कुठल्याने जखमा भरतात. बाबूकडे भाला आणि ढाल. ढाल धरली की डरकाळीसुद्धा अडते, त्यामुळे आम्ही बाकीचे कान धरून उभे असताना तो एकटा हलू शकतो. दादाकडे ग्रेट स्वोर्ड, म्हणजे सावकाश उचलायची आणि एकदाच पण जबरी हाणायची तलवार. मी लाइट बोगन, म्हणजे हलकी बंदूक, घेऊन लांबून मॉन्स्टरला झोपवणाऱ्या गोळ्या झाडते.

तर बाबू ढाल धरून थेट डायाब्लोसच्या तोंडासमोर उभा राहिला. डायाब्लोस जमिनीत शिरला की मी स्क्रीमर पॉड मारायची. त्या कर्कश आवाजाने तो धडपडत अर्धा वर येतो आणि काही क्षण तसाच अडकून पडतो. दादा तेवढ्यात तलवार पेलून घाव घालायचा. वहिनी बाबूच्या पाठीमागे, धून संपली की नवी. एकदा बाबूचं आयुष्य अगदी तळाला आलं. औषध पिताना या गेममध्ये हळूहळू चालता येतं, पण धावता येत नाही, आणि घोट पुरा व्हायच्या आत मार बसला की उरलेलं औषध वाया. “ताये, पावडर! पावडर टाक!” तो ओरडला. लाइफपावडर जवळच्या सगळ्यांच्या जखमा एकदम भरते. मी हात घालेपर्यंत वहिनीची धून पुरी झाली आणि बाबूची पट्टी भरून आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघतच होती. पुढे माझ्या गोळ्यांनी डायाब्लोस झोपला. झोपलेल्या मॉन्स्टरला पहिला घाव दुप्पट लागतो, म्हणून बाकी तिघांनी हात आवरायचे आणि दादाने तलवार पूर्ण चढवून हाणायची, असं आमचं ठरलेलं. त्यात कोणी एकाने उतावीळपणे टोचलं तरी ती संधी गेली. त्या वेळी तिघंही दम धरून थांबलो.

वाट्याबद्दलही बोलायला हवं, कारण चौघांच्या खेळात भांडणं तिथेच होतात. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, तसंच इथे. मॉन्स्टर पडला की प्रत्येक जण त्याच्यावर सुरी चालवतो, बहुतेक मोठ्या प्राण्यांवर तीनदा, आणि मिळेल ते ज्याचं त्याचं. मी खवला काढला म्हणून दादाचा कमी होत नाही. शेवटचा घाव कोणाचा, कोणी जास्त मारलं, याचा निवाडा गेम कुठेच दाखवत नाही. तुटलेल्या शेपटीवरही सगळ्यांना सुरी चालवता येते, त्यामुळे शेपटी पडली की चारही जण हातातलं काम टाकून तिकडे धावतात.

हत्यारं एकूण चौदा. प्रत्येक हत्यार म्हणजे जणू वेगळाच गेम, हे मी जाहिरातीसारखं म्हणत नाही. भाल्यावर हात बसलेल्या बाबूने बोगन घेतली तेव्हा त्याला चालायचं कसं तेही नव्याने शिकावं लागलं. पहिले काही दिवस सगळी हत्यारं सराव मैदानात फिरवून बघा आणि हाताला जे बसेल ते धरा. नेटवर कुठलं हत्यार ‘बेस्ट’ म्हणतात ते ऐकू नका.

प्राण्यांना मारण्याबद्दल. वहिनीला ते सुरुवातीला रुचलं नव्हतं, आणि तिचं मला पटतं. हे मॉन्स्टर सैतान म्हणून रंगवलेले नाहीत. ते चरतात, पाणी पितात, एकमेकांशी हद्दीवरून भांडतात, आणि फार जखमी झाले की लंगडत आपल्या घरट्यात जाऊन झोपतात. तिथे जाऊन त्यांना मारताना पोटात कालवतं. पण जिवंत पकडायची सोय आहे: प्राणी पुरेसा जखमी झाला की सापळा लावायचा, त्यात तो अडकला की दोन गुंगीचे बॉम्ब टाकायचे. मोहीम यशस्वी धरली जाते आणि बक्षीसही चांगलं मिळतं. मुळातच जिथे मारायची अट आहे तेवढ्या मोहिमा सोडल्या तर आम्ही आता बहुतेक वेळा पकडतोच. प्राणी जिवंतासारखे वाटावेत यावर इतकी मेहनत घेतली आहे म्हणूनच हा प्रश्न पडतो, आणि ते मला या गेमचं मोठेपण वाटतं.

मॉन्स्टर हंटर मालिकेचा जीव पहिल्यापासून एकत्र खेळण्यातच आहे. पहिला भाग २००४ साली प्लेस्टेशन २वर आला, तोही ऑनलाइन खेळता येईल असा. पण जपानमध्ये ती घराघरांत पोचली हातात मावणाऱ्या पीएसपीमुळे, कारण मित्रांनी शेजारी शेजारी बसून वायरलेसवर शिकार करायची सोय झाली. वर्ल्डने ती जगभर नेली. त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत आणि तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या इतिहासात इतका खपलेला दुसरा गेम नाही. शेजारी बसून खेळण्याची मजा आम्हाला गणपतीत कळली. चौघं एका खोलीत, हेडफोन बाजूला, आणि बाहेर आरतीची तयारी.

आता खटकणाऱ्या गोष्टी, आणि त्यातली पहिली मोठी आहे. कथेच्या मोहिमांत कोणी नवा प्रसंग पाहिलेला नसेल तर त्याने तो आधी एकट्याने गाठून पाहावा लागतो, तोवर बाकीच्यांना त्याच्या मोहिमेत येता येत नाही. चौघांना कथा पुढे न्यायची असेल तर प्रत्येकाने वेगळं निघून, प्रसंग बघून, परत यायचं आणि मग एकत्र जायचं. एकत्र खेळण्यासाठीच बनलेल्या गेममध्ये ही अडचण मला आजही समजलेली नाही. नवख्या माणसाचा उत्साह इथेच मावळतो, त्याला आधी सांगून ठेवा. दुसरं, शिकवणं तोकडं आहे. मेनूत मेनू, बारीक अक्षर, सगळं इंग्रजीत. वहिनीला हॉर्नची सुरावट गेमने नाही, बाबूने फोनवर शिकवली.

कोकणात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. पावसाळ्यात वीज जाते आणि फायबरची वायरही तुटते. मधेच नेट गेलं तर मोहीम बुडत नाही, तुमच्यापुरती ती एकट्याची होऊन चालू राहते. बाकीचे सुटतात, पण केलेली मेहनत फुकट जात नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, अर्धं दुखणं तिथेच संपतं. खेळताना डेटा फार लागत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही आम्ही खेळलोय. डाउनलोड मात्र मोठं आहे, आणि आइसबोर्न, म्हणजे या गेमची वेगळी विकत घ्यायची पुरवणी, घेतलंत तर आणखी मोठं. माझ्या लॅपटॉपवर जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, मध्यम सेटिंगवर नीट चालतो. ग्राफिक्समध्ये ‘व्हॉल्यूम रेंडरिंग’ बंद करा, खूप फरक पडतो आणि धुरकटपणा गेल्यामुळे जंगल उलट स्वच्छ दिसतं. कंट्रोलर घ्याच. आणि चौघांनी आधी एकमेकांना विचारून एकाच प्रकारचं यंत्र ठरवा, कारण पीसीवाला आणि प्लेस्टेशनवाला वर्ल्डमध्ये एकत्र खेळू शकत नाहीत. प्लेस्टेशनवर ऑनलाइनसाठी वर्गणी वेगळी भरावी लागते, पीसीवर नाही.

दोघंच असाल तरी घ्या. आधी दोघं असलात तरी मॉन्स्टरची ताकद चौघांइतकी धरली जायची. आइसबोर्न आल्यावर दोघांसाठी वेगळं मोजमाप आलं, त्यामुळे नवराबायको किंवा दोन मित्रांनाही तो झेपतो.

नवा भाग, वाइल्ड्स, २८ फेब्रुवारी २०२५ला आला. त्यात पीसी आणि कन्सोलवाले एकत्र खेळू शकतात, पण त्याला लागणारं यंत्र आमच्यापैकी फक्त दादाकडे आहे. जुना लॅपटॉप असेल तर याच मालिकेतला राइज बघा, तो हलका आहे. मात्र राइजमध्ये गावातल्या एकट्याच्या मोहिमा आणि चौघांच्या मोहिमा वेगळ्या ठेवल्या आहेत.

घेणार असाल तर आधी नुसता वर्ल्ड घ्या. आइसबोर्न मूळ कथा संपल्यावरच उघडतं, त्याची घाई नको. आणि गेममधली सामानाची पेटी उघडल्यावर गार्डियन चिलखत आणि डिफेंडर हत्यारं फुकट मिळतील, त्यांना हात लावू नका. ती आइसबोर्नपर्यंत लवकर पोचवण्यासाठी दिलेली आहेत आणि इतकी ताकदवान आहेत की सुरुवातीचा एकही प्राणी ओळखीचा व्हायच्या आत आडवा होतो. हाडाचं साधं हत्यार घ्या, चौघं मिळून ग्रेट जाग्रास या पहिल्या मोठ्या प्राण्याच्या मागे लागा, आणि सगळ्यात कच्च्या माणसाच्या हातात हॉर्न द्या.