उभी की आडवी? सोलापुरातले आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी हॅम (हौशी) रेडिओच्या २० मीटर बँडसाठी, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपास, घरी दोन अँटेना केल्या. एक आडवा डायपोल (मधोमध जोडणी असलेली तार): साधारण दहा मीटर तार, एक टोक गच्चीवरच्या बांबूला, दुसरं कडुलिंबाला, उंची जेमतेम सहा मीटर. दुसरी पाच मीटरची उभी, बुडाशी काळ्या मातीत चहूबाजूंना पुरलेल्या रेडियल तारा. मध्ये स्विच. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

आधी माझाही समज होता की समोरच्याची आडवी असेल तर आपलीही आडवीच हवी. व्हीएचएफवर, म्हणजे बऱ्याच छोट्या लहरींवर, ते खरंय. होटगी रोडच्या मित्राशी १४५ मेगाहर्ट्झवर बोलताना हँडी (हातातला रेडिओ) आडवी धरली की त्याच्याकडे माझा सिग्नल ढासळतो. थेट लहरीत २० डेसिबल सहज जातात, म्हणजे ताकद शंभरपट कमी. एचएफवर, म्हणजे २० मीटरसारख्या लांब लहरींवर, मात्र आयनोस्फिअरमध्ये (लहर परत खाली वळवणारा हवेचा वरचा थर) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लहर दुभंगते, फिरते, आणि खाली उतरेपर्यंत तिचं आडवं-उभंपण धड उरत नाही. युरोपातला गडी कसली तार टांगून बसलाय, ही चिंता मी सोडून दिली.

खरा फरक लहर जमिनीपासून किती वर निघते त्या कोनाचा. २१ मीटरच्या लहरीला सहा मीटर उंची म्हणजे काहीच नाही. डायपोलची बरीचशी ताकद उंच कोनात जाते, आणि १४ मेगाहर्ट्झला ती बहुतेक वेळा आकाश भेदून निघून जाते. उभीची लहर जमिनीलगत निघते. संध्याकाळी युरोपशी संपर्क होऊ लागला की एफटी८ वर (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) उभीचा रिपोर्ट, म्हणजे समोरच्यानं मोजलेला माझा सिग्नल, सहसा पाच-सहा डेसिबलनं सरस यायचा.

रेडियलची गंमत वेगळीच. चार तारा होत्या तेव्हा एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते तो आकडा, १ म्हणजे उत्तम) १.१. सोळा केल्या तर १.४! वाटलं, वाट लावली. नंतर डोक्यात प्रकाश पडला: पाव लहरीच्या उभीचा स्वतःचा रोध ३६ ओहमच्या आसपास, आधीचा सुंदर आकडा मातीत जिरणाऱ्या ताकदीमुळे रेडिओला हव्या असलेल्या ५० च्या जवळ आला होता. म्हणजे मीटर खूश होता आणि माती गरम होत होती. पुढं आईनं कोथिंबीर खुरपताना त्यातल्या तीन तोडल्या. "तुझ्या त्या तारा भाजीत कशाला रे?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उभीचा खरा जाच म्हणजे गोंगाट. मागच्या गल्लीत पॉवरलूमची शेड आहे, तिथले स्वस्त एलईडी दिवे लागले की उभीवर एस७ (मीटरवरचा आकडा, मोठा तितका गोंगाट जास्त), त्याच क्षणी डायपोलवर एस४. लाईट गेली आणि रिग (रेडिओ संच) बॅटरीवर घेतली, की उभीही एस२ वर येते. भर उन्हाळ्यात लाईट गेल्याचा आनंद होणारा गल्लीत मी एकटाच असेन.

सध्या पाठवतो उभीवर, ऐकतो डायपोलवर. डायपोल अकरा मीटरवर गेला तर हा निकाल फिरेलही. तेवढा बांबू मिळालाय, पण कडुलिंब तितका उंच नाही.