गाडी खाली करणारे यंत्र: वाळूजच्या गोदामातील नऊ महिन्यांचा अनुभव

वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्या गोदामात साबण, बिस्किटे, खाद्यतेलाच्या पिशव्या असा माल खोक्यांतून येतो आणि येथून जालना, बीड, परभणीकडील वितरकांकडे जातो. बंद कंटेनरमधील खोकी उतरवणारे रोबोटिक यंत्र आम्ही जानेवारीत मासिक भाड्याने घेतले. मी गोदामाचा पर्यवेक्षक आहे. यंत्र निवडण्यात माझा वाटा नव्हता, ते चालवून घेण्यात मात्र पूर्ण आहे.

यंत्राची रचना समजायला सोपी आहे. चाकांच्या बैठकीवर एक लांब हात, त्याच्या टोकाला हवा ओढून घेऊन खोक्याला चिकटणाऱ्या रबरी वाट्या, अंतर मोजणारे कॅमेरे आणि मागे गाडीच्या आतपर्यंत लांबणारा पट्टा. कॅमेरा खोक्यांच्या कडा ओळखतो, हात वरच्या थरापासून एकेक खोके ओढून पट्ट्यावर ठेवतो आणि रांग संपली की यंत्र स्वतःच पुढे सरकते. एका खोक्याची कमाल मर्यादा 23 किलो असून आमचा बहुतेक माल तिच्या आत बसतो.

वेगाच्या अपेक्षेने कोणी हे यंत्र घेणार असेल, तर त्याची निराशा होईल. 32 फुटी कंटेनरमधील सुमारे 1,100 खोकी आमची चार हमालांची टोली अडीच तासांत उतरवत असे; यंत्राला थप्पी नीट असेल तर तीन तास लागतात आणि नसेल तर चार. खरा फायदा रात्री झाला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून भिवंडीकडून निघालेल्या आमच्या गाड्या पहाटे दोन-तीनलाच दारात येऊन उभ्या राहू लागल्या होत्या आणि चालकांना सकाळी आठपर्यंत ताटकळावे लागे. आता एक ऑपरेटर आणि यंत्र मिळून सकाळच्या पाळीपूर्वी एक गाडी मोकळी करतात. वाराईवरून, म्हणजे माल उतरवण्याच्या हमालीवरून, चालकाशी होणारी रोजची हुज्जतही रात्रीच्या गाड्यांपुरती थांबली.

उन्हाळ्यात यंत्राबद्दल माझे मत आणखी सुधारले. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या बंद कंटेनरमध्ये शिरणे म्हणजे भट्टीत शिरणे असते. टोलीतील माणसे दर वीस मिनिटांनी बाहेर येऊन डोक्यावर पाणी ओतून घेत. ते तोंडाकडच्या रांगा उतरवीत आणि आतल्या खोल भागातील माल आम्ही यंत्रावर सोपवला. मात्र त्याच उन्हाने दुसरी अडचण उभी केली. गाड्या जिथे लागतात तो आमचा धक्का पश्चिमेकडे तोंड करून आहे. गाडी आणि दार यांच्यामधील फटीतून दुपारी चारनंतर तिरपे ऊन आत शिरले की चकचकीत चिकटपट्टीवरून ते परावर्तित होई आणि कॅमेऱ्याला दोन खोकी एकच वाटत. हात दोन्हींच्या मधोमध वाट्या टेकवी, काहीच उचलले जात नसे आणि तीन प्रयत्नांनंतर यंत्र थांबे. कंपनीचा तंत्रज्ञ आठवडाभर आज्ञावली बदलत राहिला. शेवटी आम्ही त्या फटीवर जुनी ताडपत्री टांगली आणि प्रश्न मिटला.

पावसाळ्यातील त्रासावर असा उपाय सापडला नाही. जुलैत एका गाडीची ताडपत्री गळकी निघाली. छपरालगतची खोकी बाहेरून कोरडी दिसत होती, पण पुठ्ठा आतून सादळला होता. वाट्यांनी खोके धरले, हात मागे वळला आणि पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा वाट्यांना चिकटून राहिला; खोके खाली आदळून साबणाच्या वड्या पट्ट्याखाली पसरल्या. आमचे मुकादम हे पाहत उभे होते. ते म्हणाले, “साहेब, त्याला वजन कळतंय, ओल कळत नाही बघा.” ते स्वतः प्रत्येक खोक्याच्या खालच्या कोपऱ्याला आधी अंगठा लावतात, पुठ्ठा दबला तर खोके तळातून दोन्ही हातांनी उचलतात. तेव्हापासून पावसाळी दिवसांत गाडी उघडली की पहिल्या दोन रांगा मुकादमांनी तपासल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, असा नियम मी केला आहे.

गोण्यांसाठी हे यंत्र निरुपयोगी आहे, हेही स्पष्ट लिहितो. लातूरच्या बाजारातील सोयाबीन किंवा तुरीची पोती उघड्या गाडीतून नेणाऱ्या व्यापाऱ्यांनी चौकशी केली होती. पोत्याला सपाट बाजू नसते, तागातून हवा गळते आणि वजनही मर्यादेच्या दुप्पट. प्लास्टिकच्या आवरणातील बाटल्यांच्या गठ्ठ्यांवरही वाट्या नीट बसत नाहीत.

हमालांचा विषय टाळून हा अनुभव पूर्ण होणार नाही. आमची टोली 1969 च्या माथाडी (हमाल कामगारांच्या) कायद्यानुसार माथाडी मंडळाकडे नोंदलेली आहे आणि मजुरी नगावर ठरते. कोणालाही कमी केले नाही, ही व्यवस्थापनाची सांगण्याची गोष्ट खरी आहे. परंतु रात्रीच्या गाडीला वाढीव दर मिळत असे आणि तीच कमाई यंत्राकडे गेली, हेही तितकेच खरे आहे. टोलीने ते लेखी मांडले. दोन बैठकांनंतर गाडी भरण्याच्या कामाचा दर वाढवून मिळाला. भरण्याच्या कामात यंत्र अजून नाही, कारण पाच वितरकांचा मिश्र माल उतरण्याच्या उलट क्रमाने, जड खाली आणि हलका वर असा रचणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

देखभालीचे फारसे सांगण्यासारखे नाही. धुळीमुळे हवेच्या गाळण्या दर आठवड्याला साफ कराव्या लागतात, वाट्या दोनदा बदलल्या आणि वीज गेल्यावर यंत्र जनित्रावर आणताना सगळी मोजणी पहिल्यापासून करावी लागते.

भाडेकरार दिवाळीत संपत असून तो वर्षभर वाढवावा, पण दुसरे यंत्र घेऊ नये, असे मी कळवले आहे. सोबत माल पाठवणाऱ्या कारखान्यांसाठी एक पानाची सूचनाही जोडली आहे: खोकी आडवी-उभी मिसळू नयेत, छपरापासून वीतभर जागा सोडावी आणि गळकी ताडपत्री असलेली गाडी भरूच नये.