पॅटर्न शॉपमधून निघालेला १२ इंची सरफेस प्लेनर : घरच्या वर्कशॉपसाठी कसा आहे?

घ्यावा, पण कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता ठोकळा) बघून. कोल्हापुरात जुनी रंधा मशीनं दोन वाटांनी बाहेर पडतात. काही वखारीतून येतात, काही फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमधून, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या विभागातून. लाकडी पॅटर्नचं काम सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आणि रेझिनकडे सरकलं, तशी दुसऱ्या वाटेची मशीनं उद्यमनगर, शिरोली या औद्योगिक पट्ट्यात मोकळी होत गेली. पसंती त्यांनाच द्यावी. पॅटर्नवाल्याला मापात ढिलाई चालत नाही, म्हणून टेबल सांभाळलेलं असतं. वखारीतलं मशीन खिळ्यांसकट जुनी लाकडं खाऊन आलेलं असतं.

इथे पाहिलेलं मशीन ओतीव लोखंडाचं, स्थानिक बनावटीचं, नावाची पट्टी नसलेलं. दोन्ही टेबलं मिळून ५ फूट, वजन ३५० किलोच्या घरात. कटर ब्लॉक गोल, तीन पाती, दोन्ही टोकांना ६२०७ बेअरिंग. ब्लॉक चौकोनी असेल तर मशीन फुकट मिळालं तरी नको. पात्यापुढची पोकळी मोठी असते आणि बोट खोलवर ओढलं जातं.

टेबलावर चार फुटी सरळपट्टी लांबीत आणि कर्णात ठेवून खालच्या फटीत फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालायचा. या मशीनच्या मागच्या टेबलात (कापलेली फळी ज्यावर जाते ते) मध्यभागी ०.१५ मि.मी. खोलगट जागा निघाली. घरकामाला ती चालते. त्याच्या दुप्पट असती, तर टेबल काढून ग्राइंडिंगला द्यावं लागलं असतं. ही सोय गावातच आहे, हा कोल्हापूरकराचा फायदा. बेअरिंग, पुली, शाफ्ट उद्यमनगरात होऊन जातं. टेबलाच्या खाचेत तडा आहे का, हे बघायला मात्र विसरू नका. तो वेल्ड करून रंगवला असेल, तर रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा नखाला लागतो.

खरी अडचण विजेची. मूळ मोटर ३ एचपी, थ्री फेज, पट्टीवर ‘४१५ डेल्टा’ (डेल्टा आणि स्टार या मोटरची वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). घरात सिंगल फेज. सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) जास्तीत जास्त २३० व्होल्टचे तीन फेज देतो, त्यामुळे ही मोटर रिवाइंड केल्याशिवाय ताकद देणार नाही. पट्टीवर ‘२४० डेल्टा / ४१५ स्टार’ असेल तर डेल्टात जोडून काम भागतं. सगळ्यात कमी डोकेदुखी म्हणजे २ एचपीची सिंगल फेज कपॅसिटर मोटर. ८ इंच रुंद फळीवर १ मि.मी. काप ती आरामात काढते. सॉकेटवर नको, वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी हवा.

मोटर बदलताना पुलीचं गणित पुन्हा मांडा. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ८ इंची पुली आणि ब्लॉकवर ३ इंची, म्हणजे मिनिटाला ३,८४० फेरे. तीच पुली ठेवून २८८० ची मोटर बसवली की ७,६८० होतात. जुन्या ब्लॉकला हा वेग सोसत नाही, पातं सुटू शकतं. ‘मोटर तर मोटर’ म्हणणारा वायरमन इथे घात करतो.

पाती लावताना मागच्या टेबलावर सरळ लाकडी काठी ठेवा आणि ब्लॉक हाताने फिरवा. प्रत्येक पात्याने काठी ३ ते ४ मि.मी. पुढे ढकलली पाहिजे. तेवढीच दोन्ही टोकांना आणि मध्येही. पातं दाबून धरणाऱ्या पाचरीचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करत आवळायचे. फळीच्या शेपटाला खड्डा पडत असेल तर मागचं टेबल खाली आहे. फळी टेबलाच्या ओठाला अडत असेल तर ते वर आहे. सागवानातल्या सिलिकामुळे एचएसएस (हायस्पीड स्टील) पाती लवकर बोथट होतात, म्हणून दुसरा संच धारेला पाठवून तयार ठेवावा.

पावसाळ्यात उघडं ओतीव लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. रॉकेल आणि स्कॉचब्राइटने घासून मेण लावा. सिलिकॉनचा स्प्रे नको, पुढे पॉलिश धरत नाही.

वाहतुकीला टेबलांच्या टोकांना दोर बांधून उचलू देऊ नका. टेबलं सोडवा आणि बॉडी चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) घ्या. विक्रेता किलोवर भाव सांगेल, कारण त्याच्या लेखी ते भंगारच. पण कटरवरचं गार्ड आणि फेन्स (फळी टेकवायचा उभा आधार) बहुतेक वेळा गायब असतात. या दोन्हींचा नव्याने बनवायचा खर्च सौदा होतानाच वजा करून घ्या. गार्ड बसेपर्यंत पट्टा चढवू नका.