लिनक्स मिंट २२ : जुन्या लॅपटॉपवर पाच महिने

मिरजेत माझं डीटीपीचं काम आहे. लॅपटॉप २०१४ सालचा, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि विंडोज ११ या मशीनला दारात उभं करेना. मग भाच्याने पेनड्राइव्ह आणून मिंट २२ टाकून दिलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टीम.

रोजच्या वापराबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि हीच त्याची तारीफ. मेनू खाली डावीकडे, लिब्रे ऑफिस आधीच घातलेलं, प्रिंटर लावला तसा ओळखला. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाकताना चांदण्या दिसतात. बऱ्याच लिनक्सवर काहीच उमटत नाही म्हणे. मी तर कीबोर्ड बिघडला समजून दुकानात नेला असता.

कस लागला तो सॉफ्टवेअर टाकताना. एका गिऱ्हाइकाकडे जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन होते, त्यातले शब्द शोधता येतील अशा पीडीएफ हव्या होत्या. त्यासाठी ओसीआरमायपीडीएफ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ‘पिप इन्स्टॉल’ (पायथन भाषेतली सॉफ्टवेअर घालायची कमांड) मारलं तर लालभडक नकार : ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’. मिंट २२ उभं आहे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर, आणि तिथला पायथन सिस्टीमच्या स्वतःच्या कामाचा, त्यात बाहेरचं घुसडू देत नाहीत. जबरदस्ती करायचा पर्याय आहे, पण त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’. त्याच मेसेजमध्ये पिपएक्स (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात ठेवणारं साधन) वापरा असंही लिहिलेलं होतं. वापरलं, झालं. आणि कमांड दिली तर ‘कमांड नॉट फाउंड’!

इथे मी शहाणपणा केला. एक व्हिडिओ बघून होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’च्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या ‘बॅश’ची सेटिंग फाइल) शेवटी पाथची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या पत्त्यांची, ओळ लिहिली. नवा पत्ता लिहिला, पण त्यापुढे कोलन देऊन ‘$पाथ’ लिहायचं राहिलं. म्हणजे जुने सगळे पत्ते पुसले. नवीन टर्मिनल उघडलं तर नवं सॉफ्टवेअर सापडलं, पण फायलींची यादी देणारं ‘एलएस’ गायब, ॲडमिनचे अधिकार देणारं ‘सुडो’ गायब, फाइल दुरुस्त करायचं ‘नॅनो’ गायब. फोल्डर बदलायचं ‘सीडी’ तेवढं चालत होतं, कारण ते बॅशच्या पोटातच असतं. पोटात गोळा आला तो माझ्या.

सिस्टीम जुन्या स्थितीत नेणारं टाइमशिफ्ट आहे ना, मागे जाऊ, असं वाटलं. पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टीमच्या फायली जपतं. आपण सांगितल्याशिवाय होम फोल्डरला हात लावत नाही, आणि ‘.बॅशआरसी’ नेमकी तिथेच. हे पहिल्या सेटिंगच्या वेळी ठसठशीत सांगायला हवं होतं. शेवटी भाच्याला फोन. तो म्हणाला, “मावशी, घाबरू नको, काही उडालेलं नाही. पूर्ण पत्ता दे.” ‘/बिन/सीपी’ (कॉपीची कमांड, पूर्ण पत्त्यासकट), मग ‘/ईटीसी/स्केल’मधली कोरी ‘.बॅशआरसी’, मग होम. एका ओळीत सगळं जागेवर. डेस्कटॉपला तर धक्काही लागला नव्हता, कारण ही फाइल टर्मिनल उघडतानाच वाचली जाते.

आणि मूळ दुखणं? होममधल्या ‘.प्रोफाइल’ फाइलमध्ये ‘.लोकल/बिन’ची (पिपएक्स कमांड ठेवतं ते फोल्डर) ओळ आधीपासूनच असते, पण लॉगिन करताना ते फोल्डर असेल तरच लागू होते. माझं फोल्डर पिपएक्सने तेव्हाच जन्माला घातलेलं. लॉगआऊट करून परत आले, कमांड चालली. व्हिडिओवाल्याने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

पुढची अडचण सरळ होती : स्कॅनमधली अक्षरं ओळखायला लागणारा मराठीचा डेटा नाही. ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ हे पॅकेज ॲप्टने (सिस्टीमचं सॉफ्टवेअर घालायचं साधन) टाकलं. रफार कुठे कुठे घसरतो, पण ‘विशेषांक’ शोधला की पान सापडतं. गिऱ्हाईक खूश.

एक तक्रार मात्र ठेवते. मिंट २२ चं टोपणनाव ‘विल्मा’, त्याखालच्या उबुंटूचं ‘नोबल’. बाहेरच्या एका सॉफ्टवेअरच्या सूचना जशाच्या तशा चिकटवल्या तर रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअर जिथून उतरतं त्या पत्त्यात) ‘विल्मा’ लिहिलं गेलं आणि ‘रिलीज फाइल नाही’ म्हणून अपडेट रडायला लागलं. हे पत्ते ठेवणाऱ्या ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरमध्ये जाऊन तो एक शब्द ‘नोबल’ केला तेव्हा थांबलं. नवख्या माणसाला हे कसं कळावं?

जुन्या फॉन्टांचं डीटीपी सॉफ्टवेअर माझ्याकडे यावर चाललं नाही, त्यासाठी कोपऱ्यातला विंडोजवाला पीसी ठेवलाय. त्याला नेट जोडत नाही.

पाचापैकी चार. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लॅपटॉपची उजवी बिजागरी तोवर टिकेलसं वाटत नाही.