डिकीत टाकी, मग खुर्ची कुठे? व्हीलचेअरसह आठ महिने अ‍ॅपवरच्या टॅक्सीने

मणक्याच्या दुखापतीनंतर मी आठ महिन्यांपूर्वी पुन्हा ऑफिसला जायला लागले. कोथरूड ते शिवाजीनगर, आठवड्यातून तीन दिवस. वनाजला मेट्रो आहे, स्टेशनात लिफ्टही आहे. पण घरापासून तिथवरच्या फुटपाथवरून खुर्ची जात नाही. रिक्षात मला चढता येत नाही. म्हणून टॅक्सी.

आधी चांगलं सांगते. पूर्वी मला सोडायला भाऊ अर्धी रजा टाकायचा, ते थांबलं. कधी निघायचं ते मी ठरवते. हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

अडचण डिकीची आहे. बहुतेक टॅक्स्या सीएनजीवर, टाकी डिकीत, उरलेल्या जागेत घडी केलेली खुर्चीही मावत नाही. गाडी दारात येते, डिकी उघडते आणि ऐकू येतं, "ताई, नाही बसणार, तुम्हीच कॅन्सल करा." जुलैत एकदा भर पावसात तीन गाड्या अशा परत गेल्या आणि एका बुकिंगचा दंड मलाच लागला. तक्रार केल्यावर चार दिवसांनी पैसे आले, पण खुर्चीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

आता बुकिंग झालं की मी लगेच चालकाला फोन करून सांगते: खुर्ची मागच्या सीटवर ठेवू, मी पुढे बसेन. पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची, खुर्ची दाराशी तिरपी लावून ब्रेक लावायचे, सरकण्यासाठी सोबत ठेवलेल्या गुळगुळीत फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं गाडीच्या सीटवर, आणि हातांवर जोर देऊन सरकत आत. मग खुर्चीचं कापड मधोमध धरून वर ओढलं की ती मिटते. याला पाच-सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वेटिंगचे पैसे सुरू होतात, हे मला अजिबात पटत नाही.

चालकांना दोष देववत नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. काही जण न विचारता काखेत हात घालून उचलायला येतात. बाई म्हणून ते नको वाटतं, आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. एक वयस्कर काका मात्र आधी थांबले आणि म्हणाले, "हात कुठे देऊ ते तुम्ही सांगा." चालकांना शिकवायचं तर इथून सुरुवात करावी.

गाडी कुठली, कुठल्या इंधनावरची, हे अ‍ॅपला माहीत असतं. मग 'घडीची व्हीलचेअर सोबत आहे' अशी खूण माझ्या खात्यात का नसावी? तशी गाडी पाठवा, थांबायला दहा मिनिटं द्या आणि चालकाला त्या वेळेचे पैसे कंपनीने द्यावेत. इलेक्ट्रिक खुर्ची वापरणाऱ्यांचं तेवढ्याने भागणार नाही; त्यांना लंडनच्या काळ्या टॅक्सीसारखी रॅम्पची गाडीच हवी. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला बजावलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा आणि सेवा सहज वापरता याव्यात यासाठीचे, निकष नुसत्या शिफारशी म्हणून न ठेवता बंधनकारक करा. माझ्या दारात येणाऱ्या गाडीत अजून काही बदललेलं नाही.

तरी पाचपैकी तीन तारे देते, कारण घराबाहेर पडता येतंय. नव्याने सुरू करणार असाल तर फूटरेस्ट घरीच काढून पिशवीत घाला, आणि मागची सीट झाकायला एक जुनी चादर जवळ ठेवा. चाकांचा चिखल सीटला लागणार नाही म्हटलं की बरेच चालक तयार होतात.