इन्फ्रारेडसाठी डीएसएलआर: लेन्सवर फिल्टर लावायचा की कॅमेराच कन्वर्ट करायचा?

हा प्रश्न बहुतेक जण खर्चावरून विचारतात, फिल्टर स्वस्त आणि कन्वर्जन महाग, मग त्या पैशात फरक किती पडतो वगैरे. माझ्या मते खर्च दुसऱ्या नंबरवर येतो. पहिलं हे बघा की तुम्ही फ्रेम लावता कशी. ट्रायपॉड ठोकून, एका जागी उभं राहून, फोटो आधी डोक्यात बनवणारे असाल तर उत्तर एक येतं आणि कॅमेरा डोळ्याला लावून चार पावलं इकडे चार तिकडे करत फ्रेम शोधणारे असाल तर बरोबर उलटं येतं.

आधी तांत्रिक बाजू पटकन. आपल्या डोळ्याला दिसतो तो प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला मात्र ११०० च्या आसपासपर्यंत दिसतं, ७०० च्या पुढचा हा न दिसणारा भाग म्हणजे इन्फ्रारेड. रोजच्या फोटोंचे रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी सेन्सरच्या पुढे एक काच बसवते, तिला हॉट मिरर म्हणतात, ती इन्फ्रारेड अडवते. कन्वर्ट करणं म्हणजे हीच काच बदलून घेणं. आणि होया आर७२ सारखा फिल्टर नेमकं उलटं करतो, ७२० च्या खालचं जवळपास सगळं अडवतो. म्हणजे बाहेरची काच दिसणारा प्रकाश आत सोडत नाही आणि आतली काच न दिसणारा सोडत नाही, दोघींच्या तावडीतून जे थोडंफार निसटतं त्यावर तुमचा फोटो. म्हणून एक्स्पोजर एवढं लांबतं. भर उन्हात एफ/८ आणि आयएसओ २०० ला कन्वर्ट केलेल्या बॉडीवर १/१२५ च्या आसपास मिळतं, साध्या बॉडीवर फिल्टर लावून तेच काम काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत जातं, कधी त्याच्याही वर. दहा-बारा स्टॉपचा फरक आहे हा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), थोडाथोडका नाही.

तुमच्या बॉडीतली आतली काच किती कडक आहे ते घरीच बघता येतं. टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरा, बटण दाबून ठेवा आणि अंधाऱ्या खोलीत एक फोटो काढा. ठिपका ठळक दिसला तर बरं, अगदीच मिणमिणता दिसला तर लांब एक्स्पोजरची तयारी ठेवा. जुन्या निकॉनमध्ये ही काच बरीच ढिली असायची, २००४ चा डी७० त्यासाठीच ओळखला जातो, डी५० आणि डी४० पण त्याच पठडीतले. सेकंडहँडमध्ये असला एखादा मिळाला तर बॉडी न उघडता बरंच काम होतं, फक्त त्यात लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं चित्र, नाही हे लक्षात ठेवा, फ्रेम लावायच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे. सिग्माच्या एसडी१४ मध्ये तर ही काच मालकाला स्वतःच काढता येते, पण ती बॉडी आपल्याकडे क्वचितच दिसते.

आता फिल्टरवाल्या पद्धतीत प्रत्यक्ष काय करावं लागतं ते बघू. आर७२ चढवला की ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट, काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून आधी ट्रायपॉडवर फ्रेम लावायची, फोकस करायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि मग फिल्टर चढवायचा. यात एक गंमत म्हणजे बऱ्याच जुन्या किट लेन्सचा पुढचा भाग फोकसबरोबर फिरतो, त्यामुळे फिल्टर फिरवून बसवता बसवता फोकस हलतो आणि ते कळतही नाही. चुंबकवाली रिंग मिळते ती घ्या, किंवा लेन्स बोटांनी घट्ट धरून चढवा. शिवाय इन्फ्रारेडचा फोकस डोळ्याला दिसतो त्याच जागी नसतो, रिंग किंचित जवळच्या अंतराकडे फिरवावी लागते. जुन्या मॅन्युअल लेन्सवर त्यासाठी लाल खूण असायची, आताच्या झूमवर ती गायब, म्हणून एफ/८ ते एफ/११ ठेवायचं आणि डेप्थ ऑफ फील्डवर भागवायचं. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, वेव्हलेंग्थ लांब असल्याने डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरून फोटो मऊ पडणं, इथे जास्त जाणवतं. आयपीस झाका, नाहीतर मागून उजेड शिरतो आणि फोटोवर विचित्र पट्टा येतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून ३० सेकंद घेतो, तेवढा वेळ गप्प बसायचं.

काही बॉडींवर कडक उन्हात लाइव्ह व्ह्यूमध्ये, ॲपर्चर मोठं ठेवून आणि आयएसओ चढवून, फिल्टरमधूनही दाणेदार का होईना चित्र दिसतं. तुमच्या बॉडीवर ते दिसत असेल तर फिल्टरची निम्मी कटकट संपली समजा.

हे सगळं वाचून फिल्टर म्हणजे नुसती डोकेदुखी वाटेल, पण एक फायदा आहे आणि तो मला मोठा वाटतो. दिसतच नसल्यामुळे तुम्हाला समोरच्या गोष्टींचा हिशोब रंगावर न करता त्या कशाच्या बनल्यात यावर करावा लागतो. पानं पांढरी होणार, निळं आकाश काळपट होणार, पाणी काळं, ढग पांढरे. पानं पांढरी होतात ती हरितद्रव्यामुळे नाही बरं का, हरितद्रव्य इन्फ्रारेडला जवळपास पारदर्शक असतं, पानाच्या आतल्या पेशी आणि मधल्या हवेच्या पोकळ्या तो प्रकाश परत उधळतात. आकाशाचं कारण वेगळं, हवेतून विखुरणं वेव्हलेंग्थच्या चौथ्या घाताने कमी होतं, निळ्या ४५० च्या तुलनेत ७५० ला सात-आठ पटीने कमी, म्हणून निळं आकाश काळवंडतं.

हे डोक्यात बसलं की आपल्याकडच्या जागा वेगळ्याच दिसायला लागतात. किल्ल्याची काळ्या बेसाल्टची तटबंदी आणि तिच्यामागची गर्द झाडी साध्या फोटोत एकमेकांत मिसळून जाते, इन्फ्रारेडमध्ये तीच भिंत पांढऱ्या झाडीवर कोरल्यासारखी उठते. काळ्या दगडाची दीपमाळ आणि मागे वडाचं झाड, ही तर हमखास फ्रेम. पण चुना मारलेलं पांढरं देऊळ आणि मागे आंब्याचं झाड असेल तर दोन्ही पांढरं, शिखर झाडात हरवून जातं, तिथे खाली बसून शिखर आकाशावर आणावं लागतं. गोव्यातल्या पांढऱ्या चर्चचंही तेच, पणजीचं चर्च निळ्या आकाशावर घेतलं तर जबरदस्त, माडांसमोर घेतलं तर फिकट लगदा.

कोपऱ्यांकडे पण लक्ष द्या. साध्या फोटोत वरून लोंबणारी हिरवी फांदी खपून जाते, इथे ती पांढरी होऊन सगळं लक्ष स्वतःकडे खेचते. पायाशी गवत असेल तर फ्रेमचा खालचा तिसरा हिस्सा लखलखीत पांढरा, म्हणून तिथे एखादा दगड, पायवाट, डबकं असं काहीतरी काळं लागतं. ढग नसतील तर वरचं आकाश म्हणजे रिकामा काळा कागद, ते कमीच घ्या. सह्याद्रीतली एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगांची जी आवडती फ्रेम असते ती इथे बऱ्यापैकी फसते, कारण लांबची धुरकट हवा इन्फ्रारेड कापून काढतो आणि मागची रांग पुढच्या रांगेइतकीच ठसठशीत येते. खोली हवी असेल तर जवळ काहीतरी घेऊनच फ्रेम लावा. दाट धुकं मात्र कापलं जात नाही, त्याचे थेंब मोठे असतात, तेव्हा पावसाळी घाटात फार अपेक्षा नको. आणि कासला हे घेऊन जाऊ नका, फुलांचे सगळे रंग उडून एकसारखं पांढुरकं होतं, मग कास कशाला.

मोसम म्हणाल तर सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर, गवत अजून हिरवं, आकाश धुतलेलं आणि वर कापसासारखे ढग. वेळ दुपारची, जेव्हा बाकीचे फोटोग्राफर कॅमेरा बॅगेत घालून जेवायला जातात तेव्हा. जून-जुलैच्या भरून आलेल्या आभाळाखाली इन्फ्रारेड मरगळलेलं येतं.

आता कन्वर्टेड बॉडी. आतली काच काढून तिथे ७२० किंवा दुसऱ्या नंबरची काच बसवतात. बाहेर फिल्टर नसल्यामुळे व्ह्यूफाइंडर स्वच्छ दिसतो, फोटो हातात धरून येतो, माणसं हलली तरी चालतात, वारा असला तरी चालतो. हा वाऱ्याचा मुद्दा लोक विसरतात. पिंपळाखाली उभं राहून वीस सेकंदांचं एक्स्पोजर द्या, कणभर वाऱ्यालाही ती पानं सळसळतात, फोटोत नुसता पांढरा धूर. वडाची, फणसाची जाड पानं जरा ऐकतात. काहींना तो धूर आणि ढगांचे ओढलेले पट्टे आवडतातच, मलाही कधी कधी आवडतात, पण दर वेळी तेच मिळत असेल तर ती निवड न राहता सक्ती होते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्या फिल्मला फार लांब एक्स्पोजर लागायचं, म्हणून त्यांचं बहुतेक काम निसर्गदृश्यांचंच राहिलं. फिल्टरवाला आजही साधारण त्याच बंधनात असतो. बाजार, जत्रा, शेतात काम करणारी माणसं हवी असतील तर कन्वर्टेड बॉडीला पर्याय नाही. पोर्ट्रेटमध्ये कातडी मेणासारखी आणि डोळे काळेभोर येतात, ते कुणाला दाखवायचं हे आधी ठरवा.

पण डीएसएलआर कन्वर्ट करताना एक मेख आहे. व्ह्यूफाइंडरमधून दिसतं ते साधं रंगीत दृश्यच, इन्फ्रारेड नाही, म्हणजे वरचा सगळा पानं-दगडांचा हिशोब डोक्यातच करावा लागतो किंवा लाइव्ह व्ह्यू लावावा लागतो. ऑटोफोकसचा सेन्सरही आरशाखाली वेगळा असतो, तो दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो, म्हणून कन्वर्ट करणारा तो जुळवून देतो का हे विचारा, आणि जुळवला तरी प्रत्येक लेन्सवर सारखा बसेलच असं नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवरून होतो, तिथे ही भानगड नाही. थोडक्यात लाइव्ह व्ह्यू नसलेली जुनी बॉडी कन्वर्ट करायला देऊ नका. खरं सांगायचं तर बॉडी नव्यानेच घ्यायची असेल तर मिररलेस घेऊन ती कन्वर्ट करा, तिच्यात आरसा नसतो आणि सेन्सरवरचंच चित्र दिसतं, पण घरात जुना डीएसएलआर पडून असेल तर तो वापरात आणायचा हा चांगला रस्ता आहे.

फुल स्पेक्ट्रम म्हणून तिसरा प्रकार असतो, आत पारदर्शक काच आणि लेन्सवर हवा तो फिल्टर. ऐकायला लई भारी, पण डीएसएलआरवर ७२० लावला की व्ह्यूफाइंडर परत काळा, म्हणजे एक्स्पोजरचा प्रश्न सुटला आणि बघायचा तसाच राहिला. कायम लाइव्ह व्ह्यूवर काम करणार असाल तरच.

काचेचा नंबर कुठला? पहिल्यांदा करत असाल तर ७२०. लाल-निळा चॅनल अदलाबदल करून निळसर आकाश पण मिळतं आणि ब्लॅक अँड व्हाइट पण सुंदर होतं. ५९० मध्ये दिसणारा प्रकाशही बराच येतो, पिवळी-सोनेरी पानं आणि निळं आकाश, इन्स्टाग्रामवर चालतं, मला लवकर कंटाळा येतो. ८३० म्हणजे निव्वळ ब्लॅक अँड व्हाइट, आकाश अजून काळं, रंगाचा मोह नको असेल त्यांच्यासाठी.

दोन्ही पद्धतींना सारखाच त्रास देणारी गोष्ट म्हणजे हॉट स्पॉट, फोटोच्या मधोमध येणारा फिकट गोल डाग. तो लेन्सवर अवलंबून असतो आणि ॲपर्चर लहान केलं की वाढतो. ५० एमएम एफ/१.८ सारखी लाडकी लेन्स यात बदनाम आहे, उलट साधी १८-५५ बऱ्याचदा निमूट काम करते. पैसे घालायच्या आधी आपल्या लेन्सचं नाव घालून शोधा. सूर्याकडे तोंड करून फ्लेअरही जास्त येतो, कारण लेन्सची कोटिंग दिसणाऱ्या प्रकाशासाठी असते, हूड लावून ठेवा. आणि शूट रॉमध्येच, व्हाइट बॅलन्स हिरव्या गवतावर कस्टम घ्या म्हणजे स्क्रीनवर नुसतं लालभडक न दिसता काहीतरी समजेल असं दिसेल. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा टेम्परेचर स्लायडर २००० ला अडकतो, त्यासाठी वेगळं कॅमेरा प्रोफाइल बनवावं लागतं, एकदाच.

तर ठरवायचं कसं. किल्ले, देवळं, तलाव, झाडं एवढंच काढणार, ट्रायपॉड आवडीने उचलता, आणि रिमोटचा ठिपका बरा दिसला, तर फिल्टर घ्या आणि एक हिवाळा त्यावर काढा. ट्रायपॉड घरीच राहतो हे स्वतःबद्दल माहीत असेल तर फिल्टरवर पैसे घालूच नका, तो चार वेळा वापरून ड्रॉवरमध्ये जाईल, सरळ लाइव्ह व्ह्यूवाली जुनी बॉडी ७२० ला कन्वर्ट करून घ्या. एकच बॉडी असेल आणि घरच्या लग्नाबिग्नाचे फोटोही तिच्यावरच काढायचे असतील तर कन्वर्जनचा विषय तिथेच संपला, ती परत साधी करायची तर पुन्हा खर्च. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचा विचार असेल तर आतल्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास असतं, बॅटरी काढली तरी, त्यामुळे नकोच. आणि फिल्टर घ्यायचं ठरलं तर किट लेन्सच्या ५२ किंवा ५८ एमएमच्या मापाचा न घेता ७७ चा घ्या, सोबत लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग, म्हणजे उद्या लेन्स बदलली तरी तोच चालेल.