आठ महिने, सहा फेऱ्या: किंडरच्या गोलफेरीसाठी कागदी नकाशा

ऑक्टोबरात नकाशा विकत घेतला तेव्हा घरात माझी चेष्टाच झाली. "फोनमध्ये सगळं असताना हे कागदाचं भेंडोळं कशाला?" प्रश्न रास्त होता. आता जून लागलाय. इंग्लंडमधल्या हेफील्ड गावाहून किंडर स्काउट या डोंगराची गोलफेरी सहा वेळा झाली, त्यातली एक सणसणीत चुकली, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही.

घेतलेली वस्तू म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल 1, इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या डार्क पीक भागाचा नकाशा. प्रमाण 1:25,000, म्हणजे कागदावरच्या 4 सेंटिमीटरला जमिनीवरचा 1 किलोमीटर. दोन्ही बाजूंनी छापलेला, किंडर पश्चिमेच्या बाजूला. सोबत एक साधं पारदर्शक पट्टीचं होकायंत्र. मी स्टॉकपोर्टला राहते, तिथून 358 नंबरची बस हेफील्डला सोडते, त्यामुळे गाडी कुठे लावायची ही चिंता मला नसते.

मी मूळची नाशिकची. सह्याद्रीत आमचं नियोजन म्हणजे पायथ्याच्या वाडीपर्यंतची एसटी आणि पुढे "मामा, गडावर वाट कुठून?" किंडरवर मामा नाहीत. शिवाय आपल्याकडे किल्ला समोर दिसत असतो, तिथे पोचायचं एवढं तरी नक्की असतं. किंडरला शिखरच नाही. वर पोचलं की पीटचं, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचं, काळं, भिजकं पठार पसरलेलं, ओहळांनी उभं-आडवं चिरलेलं. 636 मीटरचा सर्वोच्च बिंदू म्हणजे त्या चिखलातलाच आणखी एक उंचवटा. म्हणून शहाणी माणसं पठारात घुसत नाहीत, कड्याकड्याने चालतात. माझी फेरी तशीच: बोडन ब्रिज, जलाशय, विल्यम क्लफची घळ, ॲशप हेड, मग कड्यावरून किंडर डाउनफॉल हा धबधबा, किंडर लो हा उंचवटा आणि ईडेल क्रॉसवरून परत. अंतर 14 किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण साडेचारशे मीटर.

वेळेचा हिशोब मी नेस्मिथच्या नियमाने सुरू केला. हा 1892 सालचा, एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा. सपाटीला तासाला 5 किलोमीटर, वर दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं. आमच्या फेरीला हा नियम साडेतीन तास देतो. पहिल्या वेळी आम्हाला सव्वापाच लागले! नेस्मिथसाहेबांनी थर्मासमधला चहा, ओल्या दगडांवरची कसरत आणि मैत्रिणीचे फोटो धरलेले नाहीत. आता मी तासाला साडेतीन किलोमीटर धरते, चढाची मिनिटं वेगळी, वर अर्धा तास चहाचा. तेवढ्यात गणित जुळतं.

नकाशाने मला पहिला धडा जलाशयापाशीच दिला. हे धरण 1912 चं, स्टॉकपोर्टच्या पाण्यासाठी बांधलेलं. नकाशावर मी निळा रंग पाहिला, त्याच्या कडेने जाणारी हिरवी तुटक रेघ पाहिली आणि मनात म्हटलं, वा, तळ्याकाठचा फेरफटका. फाटकाशी पोचलो तर व्हाइट ब्राउचा दगडी चढ नाकासमोर उभा. वाट काठाने नाहीच, पाण्याच्या बरीच वरून जाते. घरी येऊन पुन्हा पाहिलं तर समान उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा तिथे एकमेकींना खेटून उभ्या होत्या. सगळं छापलेलं होतं, मला वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मी आधी तपकिरी रेषा बघते, रंग नंतर.

हिरवी रेघ म्हणजे कायद्याने हक्काची पायवाट. फिकट पिवळा भाग म्हणजे वाट सोडूनही पायी फिरायची मुभा. हा पिवळा रंग सहजासहजी आलेला नाही. 24 एप्रिल 1932 ला शेकडो माणसं बोडन ब्रिजच्या दगडखाणीत जमली आणि शिकारीसाठी राखून ठेवलेल्या या डोंगरावर ठरवून घुसली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन याच्यासकट पाच जण तुरुंगात गेले. पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं 1951 मध्ये, आणि मोकळ्या माळावर फिरण्याचा हक्क देणारा कायदा आला थेट 2000 साली. त्या खाणीत आता गाड्या लागतात, भिंतीवर एक फलक आहे. ते लोक विल्यम क्लफच्याच घळीतून चढले होते. मी तिथे धापा टाकत ओढा चौथ्यांदा ओलांडते तेव्हा त्यांच्याबद्दलचा आदर जरा वाढतो.

आता चुकलेली फेरी. नोव्हेंबरातला शनिवार. डाउनफॉलपर्यंत स्वच्छ होतं, मग धुकं असं उतरलं की पुढे चालणाऱ्या मैत्रिणीचं लाल जॅकेट तेवढं दिसत होतं. किंडर लोचा, 633 मीटर उंचीवरचा सर्वेक्षणाचा पांढरा खांब सापडला म्हणून आम्ही खूश. तिथून दक्षिणेला उतरून उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, ईडेल क्रॉसकडे वळायचं होतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही बघ केवढी मोठी वाट, हीच असणार." फोनमध्ये बघावं तर 38 टक्के बॅटरी असलेला फोन थंडीने मान टाकलेला. वाट खरंच मोठी होती. पायऱ्या लागल्या, आम्ही उतरत राहिलो. काही वेळाने मला वाटलं, हेफील्डच्या बाजूला एवढ्या पायऱ्या कुठून आल्या? होकायंत्र नकाशावर ठेवलं तर आम्ही पूर्वेला चाललेलो. जेकब्ज लॅडर उतरत होतो, म्हणजे डोंगराच्या पलीकडे, ईडेलच्या खोऱ्यात.

परत चढताना दोघी एक अक्षर बोललो नाही. ईडेल क्रॉसचा जुना दगडी क्रूस भिंतीच्या कोनाड्यात दिसला तेव्हा मैत्रिणीने त्याला चक्क हात जोडले. नोव्हेंबरात इथे चारला अंधारतं. उरलेली वाट आम्ही एका हेडटॉर्चवर उतरलो, दुसरा घरी चार्जिंगला लावलेला होता.

त्या दिवसानंतर मी वळणाच्या प्रत्येक जागी नकाशावर पेन्सिलीने दिशेचा अंश आणि तिथे पोचायची वेळ लिहिते. घरी, जेवणाच्या टेबलावर, चष्मा लावून. धुक्यात बोटं गोठलेली असताना कोन मोजणं माझ्याच्याने होत नाही. एक सोय अशी की सध्या या भागात नकाशाची उत्तर दिशा आणि होकायंत्राची उत्तर दिशा जवळपास एकच आहे, वजाबाकी-बेरीज करावी लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत डाउनफॉलला दुपारी एकच्या आत पोचलो नाही तर आल्या वाटेने मागे फिरायचं, हेही पेन्सिलीने लिहिलंय, म्हणजे वर गेल्यावर वाद नको. आदल्या संध्याकाळी मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, पर्वतीय अंदाज बघते. त्यात पीक डिस्ट्रिक्टचं वेगळं पान असतं, आणि गावातल्या हवेवरून माथ्यावरच्या वाऱ्याची कल्पना कधीच येत नाही.

फोन मी टाकून दिलेला नाही. "आपण नेमके कुठे" याला फोनसारखं उत्तर नाही. तो आता आतल्या खिशात, अंगाच्या उबेला असतो. अडचणीत 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं असतं, त्यासाठी तरी बॅटरी उरायला हवी. पण चार पडद्यांएवढा मुलूख एका नजरेत बघून "इथून पाय दुखले तर कुठे सुटता येईल" हे ठरवायला कागदच लागतो. बुटांबद्दल न बोललेलं बरं. जलरोधक म्हणून घेतले, तिसऱ्या फेरीला आत तळं झालं.

फेब्रुवारीतली फेरी सगळ्यात आवडली. बर्फ वितळून गेलेला आणि हिवाळ्यात पांढरे होणारे डोंगरी ससे अजून पांढरेच. काळ्या पीटवर पांढरा ससा, बिचाऱ्याला वाटतंय आपण लपलोय.

मे महिन्यात बाबा आले होते. वय 69, गुडघे कुरकुरतात, पण ब्रह्मगिरी, अंजनेरी पायाखालची. त्यांच्यासाठी साडेसहा तास धरले. पश्चिमेचा वारा जोरात होता, आणि डाउनफॉलचं तीसेक मीटरचं पाणी खाली पडायच्या ऐवजी फवारा होऊन वर, आमच्याच अंगावर येत होतं. बाबा ओरडले, "अगं, हा तर नाणेघाट!" मग चष्मा पुसत बराच वेळ उभे राहिले. "बाबा, तुम्ही जरा मागे सरा," असं मला तीनदा सांगावं लागलं. पुढे किंडर लोच्या अलीकडे मी नकाशा उघडून वळण दाखवत होते, तर त्यांनी समोरून पळत येणाऱ्या एका माणसाला थांबवून वाट विचारलीच. त्याने माझ्या नकाशावर बोट ठेवून अगदी तीच दाखवली. मग बाबांचं समाधान झालं.

आठ महिन्यांनंतरची नकाशाची अवस्था: मी हवा तसा उलटा दुमडत राहिले, त्यामुळे डाउनफॉलवरची घडी पांढरी पडलीय. तिथे धबधब्याचं नाव आता मी पेन्सिलीने लिहिलंय. कोणी घेणार असेल तर एक सांगणं. कड्यावर पूर्ण नकाशा उघडू नका, वारा तो शिडासारखा फुगवतो. घरीच किंडरचा चौकोन वर येईल अशी घडी घाला आणि पिशवीत घालून गळ्यात अडकवा. आणि बाजू तपासा. एकदा मी पूर्वेची बाजू वर ठेवून बसमधून उतरले होते.